खोळीखालचे हात

"खाली काय सोनं पडलंय का?"

हिवाळे सरांचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आजही ऑफिसात कुणी मान खाली घालून कीबोर्डवर अक्षर शोधताना दिसलं की ते माझ्या तोंडाशी येतं. मी ते गिळते. आमच्या ऑफिसात सगळेच सोनं शोधतात. साहेब एका बोटाने शोधतात, हेडक्लार्क दोन बोटांनी शोधतात आणि शोधून कंटाळले की फाईल माझ्या टेबलावर येऊन पडते. "मॅडम, तुमचा हात बसलेला आहे, तेवढं करून टाका." हात बसल्याचं बक्षीस म्हणजे दुसऱ्यांचं काम. हे काही सरांनी शिकवलं नव्हतं. ते मला जालन्याला नोकरीला लागल्यावर कळलं.

सरांचा टायपिंगचा क्लास अंबडला होता. कोर्टाच्या मागच्या गल्लीत, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर. लोखंडी जिना चढताना खताचा आणि फवारणीच्या औषधाचा वास नाकात बसायचा, तो वर क्लासभर पुरायचा. खोलीत भिंतीला लागून संगणकांच्या दोन रांगा, मधल्या भिंतीवर चौदा एप्रिलच्या जयंतीला हार घातला जाई तो फोटो, आणि त्याखाली सरांची खुर्ची. त्या खुर्चीवर सर बसलेले मला आठवत नाहीत. ते सतत आमच्या पाठीमागे असायचे. चपला जिन्यातच काढून नुसत्या मोज्यांवर फिरायचे, त्यामुळे ते आपल्या मागे उभे आहेत की दुसऱ्या रांगेत, हे कळायला मार्ग नसे. मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, बारीक अंगकाठी आणि हातात लाकडी पट्टी. त्या पट्टीने त्यांनी कुणाला मारलं नाही. कुणी खाली पाहिलं की ते पट्टी मागून हनुवटीखाली लावायचे आणि मान वर उचलायचे. मार परवडला असता, असं वाटायचं.

मी घनसावंगीकडच्या एका वस्तीवरची. आमच्या घरी मेंढरं होती. पुढे वडिलांनी ती विकली आणि पोरांना शाळेत घातलं. बारावी झाल्यावर वडील मला घेऊन सरांकडे आले होते. खांद्यावरचं घोंगडं त्यांनी बाहेर जिन्याच्या कठड्यावर ठेवलं आणि हात जोडून विचारलं,

"सर, पोरगी बारावी झाली. सर्टिफिकेट कधी भेटंल?"

"सर्टिफिकेट समोर भेटतं," सर म्हणाले. "इथं फक्त टायपिंग येतं."

वडिलांनी खिडकीतून समोर पाहिलं. समोर खरंच एक क्लास होता, काचेच्या दाराचा, एसीचा. त्याच्या बोर्डावर पास झालेल्यांचे फोटो होते. वडील गोंधळले. मग मला म्हणाले, "तुला काय पायजे ते बघ बाई." मी सरांकडे राहिले, त्यामागे काही मोठा विचार नव्हता. समोरच्या काचेच्या दारातून घोंगडं घेऊन आत जायची वडिलांना लाज वाटली असती, एवढंच.

आता खोळीबद्दल सांगायला हवं. सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, जुन्या लुगड्यांच्या खोळी शिवल्या होत्या. प्रत्येक कीबोर्डवर एक खोळ. टेबलाच्या कडेला ती नाडीने बांधलेली असायची आणि आपल्या बाजूने उघडी. तिच्यात दोन्ही हात मनगटापर्यंत घालायचे आणि आत आंधळेपणाने कळा शोधायच्या. ए एस डी एफ, सेमीकोलन एल के जे. एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो, तो दोन्ही तर्जन्यांना लागला की हात घरी आले असं सर म्हणायचे. उन्हाळ्यात खोळीत हाताला घाम सुटायचा, बोटं घसरायची. नवीन पोरी आधी हसायच्या, मग रडायच्या.

खोळ हा पहिला नियम. दुसरा नियम असा, की सराव चालू असताना समोरचा पडदा बंद. सर स्वतः सगळ्यांच्या पडद्यांची बटणं दाबत जायचे. आपण काय टाइप करतोय ते आपल्याला दिसत नसे, शेवटी सर पडदा लावायचे तेव्हाच दिसे. "वर पाहशील तर आपली चूक पाहतच बसशील," ते म्हणायचे. "डोळे कागदावर. कागदात जे लिहिलंय ते बोटातून गेलं पायजे. मधी तुझं काही काम न्हाई."

आणि तिसरा नियम तर ऐकून कुणाला खरा वाटत नाही. सरांनी सगळ्या कीबोर्डवरची बॅकस्पेसची कळ उपटून काढली होती. तिथे नुसतं भोक. चूक खोडायचा रस्ताच बंद. त्या सगळ्या कळा खोकल्याच्या गोळ्यांच्या एका रिकाम्या डब्यात ठेवलेल्या होत्या. कधीमधी सर तो डबा वाजवून दाखवायचे आणि म्हणायचे, "कोर्स पूर्ण झाला की तुझी कळ तुला बसवून देईन." कुणाला बसवून दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मला सर आवडायचे असं म्हणणं खोटं होईल. मला त्यांची भीती वाटायची आणि रागही यायचा. पण एक दिवस असा आला, की बोटं आपली आपण चालू लागली. मी कागद वाचत होते आणि खोळीखाली कुणी दुसरीच बाई टाइप करत असावी तसा आवाज येत होता. मला भरून आलं. सर मागे उभे होते. त्यांनी पट्टी खुर्चीच्या पाठीवर हलकेच टेकवली आणि पुढे गेले. शाबासकी म्हणजे तेवढीच.

लाईट जाण्याचं तर काही विचारूच नका. अंबडला लाईट जायची ती दुपारच्या भर उन्हात जायची. पंखा बंद, संगणक बंद, खालून खताचा वास. आम्ही हात खोळीतून बाहेर काढून वारा घ्यायला लागलो की सरांचा आवाज यायचा.

"हात बाहेर कोणी काढले?"

"सर, लाईट गेली."

"लाईट गेली म्हणून बोटं गेली का? चालू ठेवा."

आणि आम्ही चालू ठेवायचो. बंद पडलेल्या संगणकांवर, बंद पडद्यांसमोर, खोलीभर कळांचा आवाज. त्यातलं एक अक्षर कुठे उमटत नव्हतं. खालचा बियाण्यांचा दुकानदार एकदा गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकला, "वर येड्यांची शाळा हाय. लाईट न्हाई तरी ठोकून राह्यलेत." आम्हाला पण तसंच वाटायचं. पण मान वर राहायची आणि बोटं चालायची, हे मात्र खरं.

बऱ्या घरची पोरं सरांकडे येत नसत. कारण कुणी बोलून दाखवत नसे. "तिकडं फार कडक आहे," म्हणत. समोरच्या क्लासच्या भिंतीवर तो जयंतीचा फोटो नव्हता, इथे होता, एवढं आम्हाला कळायचं. तरी एकदा कापसाचा एक जिनिंगवाला आपल्या मुलाला घेऊन आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की खरं शिकायचं तर इथे. मुलगा दोन-चार दिवस आला. बायकांच्या लुगड्यात हात घालायची त्याला लाज वाटली आणि तो यायचा थांबला. मग बाप जिना चढून आला.

"सर, आता तुमच्यापासून काय लपवायचं. पोरगं काय नोकरी करणार न्हाई. नुसता कागद असू द्या घरात. परीक्षेला त्याच्या जागी कोणी बसवता येतं म्हणे."

"नुसता कागद पायजे?" सर म्हणाले. "खाली झेरॉक्सवाला हाय, त्याच्याकडं चांगला मिळतो."

जिनिंगवाला हसला, कारण त्याला वाटलं सर थट्टा करतात. मग त्याचं हसणं उतरलं. पुढे समोरच्या बोर्डावर त्या मुलाचा फोटो आम्ही पाहिला, सत्काराचा हार गळ्यात घातलेला. आणि गावात बोललं जाऊ लागलं की हिवाळे सरांच्या हाताला यश नाही. ते एका अर्थी खरंच होतं. परीक्षेत दुसऱ्याचा हात चालवू द्यायचा नाही म्हटल्यावर सरांची पोरं नापासही व्हायची. समोर कुणी नापास होत नसे. ज्या गावात कुणीच नापास होत नाही त्या गावात नापास करणारा माणूस कोणाला हवा असतो?

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "सर, एवढं कशासाठी? सगळे करतातच की."

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "तुझ्या बापाची ओळख कुठवर हाय?"

"कुठंच न्हाई."

"माझी पण न्हाई. आपल्यासाठी कोणी फोन करणार न्हाई. त्यांच्या पोराला येत न्हाई तरी चालतं, त्याच्या मागं माणसं हायेत. आपल्या बोटात असंल तेवढंच आपलं. म्हणून ते बिलकुल पक्कं पायजे. झोपेत उठवलं तरी आलं पायजे."

हे ऐकल्यावर मी सरांवर रागावणं कमी केलं. पुढे मला नोकरी लागली ती त्याच बोटांवर, हेही कबूल करायला हवं. माझ्यासाठी कुणी फोन केला नव्हता.

पण सरांचा खरा जीव होता शीतलमध्ये. शीतल त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. क्लासला तीच आम्हाला पहिले धडे द्यायची. तिच्यासारखं टाइप करणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. तिच्या खोळीखालून पाऊस सुरू असल्यासारखा सलग आवाज यायचा, कुठे अडखळणं नाही. स्वभावाने मिस्कील. सर खाली चहाला गेले की ती पट्टी आपल्याच हनुवटीखाली लावून खोलीभर फिरायची आणि सरांच्या आवाजात म्हणायची, "पोरींनो, माझं लग्न ठरलं तर पप्पा मला खोळ घालूनच नांदायला पाठवणार."

लग्न ठरत नव्हतं असं नाही, सर ठरू देत नव्हते. काकू म्हणायच्या, पोरीचं वय चाललं. सर म्हणायचे, "ऑर्डर हातात पडू दे, मंग पाहू." मध्ये एका खाजगी दवाखान्यात काउंटरवर तिला बोलावणं आलं होतं. सरांनी नाही म्हटलं. आपली पोरगी सरकारी ऑफिसात टंकलेखक म्हणून बसणार, आणि बसणार ती कुणाच्या फोनवर नाही तर बोटांवर, हे त्यांनी फार आधी ठरवून टाकलं होतं. तिला काय हवं होतं हे त्यांनी विचारलं असेल असं मला वाटत नाही. आणि भरत्या तर निघायच्याच नाहीत. निघाल्या तर कोर्टात अडकायच्या, रद्द व्हायच्या. शीतलचं वय पुढे सरकत राहिलं. शेवटी एक भरती निघाली तेव्हा वयाच्या अटीत ती जेमतेम बसत होती. या वेळी झालं नाही तर पुढे दार बंद, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

लेखी परीक्षा ती चांगल्या मार्कांनी पास झाली. राहिली होती फक्त टायपिंगची चाचणी. गावात लोकांनी आधीच पेढे मागायला सुरुवात केली. टायपिंग आणि हिवाळे सरांची पोरगी. त्यात काय पाहायचं?

चाचणी जालन्याला होती, गावाबाहेरच्या एका कॉलेजात. शीतल आदल्या दिवशीच माझ्या खोलीवर येऊन राहिली. सर सकाळच्या एसटीने आले. गेटवर त्यांनी तिला एकदा आपादमस्तक पाहिलं आणि धडा म्हणून घ्यावा तसं म्हणाले, "कागद हातात आला की कान बंद, डोळे कागदावर. वर पाहायचं न्हाई, खाली पाहायचं न्हाई, मागं यायचं न्हाई."

"हो पप्पा," शीतल म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून डोळा मिचकावून आत गेली.

मी रजा टाकली होती. सर आणि मी गेटजवळच्या लिंबाखाली बसलो. सरांनी वॉचमनला विचारून घेतलं, आत सुरू झालं का. झालं म्हणाल्यावर ते सरळ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांची बोटं चालू लागली. नजर समोरच्या भिंतीवर. कोणता उतारा आला असेल हे त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं, तरी ते तिच्यासोबत टाइप करत होते. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. बऱ्याच वेळाने बोटं थांबली. "झालं असंल," ते म्हणाले. "पुरा उतारा मारून तिचा वेळ उरला असंल."

मुलं-मुली बाहेर यायला लागली. आमच्या बाजूलाच जाफराबादकडची एक मुलगी फोनवर भावाशी बोलत उभी राहिली. "अरे दादा, कीबोर्डच दुसरा सेट केलेला होता. आपल्यावाला न्हाईच. पण कळांवर मराठी छापलेलं होतं, मंग मी एकेक पाहून पाहून मारलं. निम्मं पण झालं न्हाई रे."

सर उभे राहिले.

जे मराठी टायपिंग शिकलेले नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की मराठीच्या कळांच्या दोन मांडण्या चालतात. एक जुन्या टाइपरायटरवरून आलेली, तीच आमच्या बोटांत. दुसरी संगणकासाठी नव्याने ठरवलेली. कळा त्याच, पण एकीत जिथे क आहे तिथे दुसरीत भलतंच निघतं. जुनी शिकलेल्याने नव्या मांडणीवर न पाहता टाइप केलं तर पडद्यावर नुसती गिचमीड उमटते.

शीतल सगळ्यात शेवटी आली. तिचा चेहरा रडका नव्हता. झोपेतून उठलेल्या माणसासारखा होता.

"कसं गेलं?" सरांनी विचारलं.

"पूर्ण झालं पप्पा. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. कुठं अडले न्हाई." ती थांबली. "वेळ संपल्यावर वर पाहिलं. त्यातला एक शब्द वाचता येत न्हाई."

"आधी सांगितलं न्हाई का त्यांनी?"

"सांगितलं म्हणत्यात पोरी. कागद वाटतानाच सांगितलं. कोपऱ्यातली खूण दाबा, तुमचा कीबोर्ड निवडून घ्या म्हणून. मी कागद वाचून राह्यले होते."

"मंग सुरू केल्यावर एकदा तरी वर पाहायचं," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "नुसतं एकदा पाहायचं पोरी. एवढं तर कोणालाही कळतं."

शीतलने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ती ओरडली नाही, तिने आवाजही वाढवला नाही.

"तुम्ही कधी पाहू दिलं?"

लिंबाखाली इतर पोरांचे आईबाप बसलेले होते, कुणी डबा उघडला होता. सगळ्यांनी ऐकलं. सरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला. शीतल आमच्या दोघांच्या पुढे चालत रस्त्याला लागली.

मला त्या वेळी सरांचा जो संताप आला तो मी अजून विसरलेले नाही. समोरच्या क्लासमधली, खाली पाहणारी, बोटांनी सोनं शोधणारी पोरंसुद्धा त्या हॉलमध्ये तरली होती. आणि जिचं बोट कधी चुकलं नाही ती बुडाली. तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली कोणी? बसस्टँडवर शीतल पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ती दुसरी मांडणी मला येते."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मला येते. मी शिकून ठेवली होती. पोरांना शिकवली न्हाई. दोन-दोन शिकवल्या की बोटं गोंधळत्यात, हात पक्का होत न्हाई. म्हणून शिकवली न्हाई."

एसटी आली आणि ते दोघं गेले. ते खिडकीशी, ती पलीकडच्या रांगेत.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. सरांनी अर्ज केले, ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. हॉलमध्ये सूचना दिली होती, असं उत्तर आलं, आणि ते उत्तर खोटं नव्हतं. पण ती खूण बहुतेकांना सापडलीच नव्हती, त्यांचा उतारा अर्धाच राहिला होता, म्हणून मग पास होण्याची अट खाली आणली गेली. खाली आणलेल्या अटीत ती जाफराबादची मुलगी बसली. चांगली मुलगी आहे, आज आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर असते, तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. शीतलचा एकही शब्द बरोबर नव्हता. अट कितीही खाली आणली असती तरी तिच्या उपयोगाची नव्हती.

गावाने ही गोष्ट चवीने खाल्ली. हिवाळे सरांच्या पोरीने अख्खा पेपर गिचमीड लिहिला. जी पोरं सरांकडे टिकली नाहीत, त्यांनी तर फारच. समोरच्या क्लासवाला येणाऱ्या पालकांना हसत सांगायचा, "आमच्याकडं डोळे उघडे ठेवून शिकवतात." बोलायला त्याला काय जातं? लोकांना पटायचंही. सरांकडे नवीन कुणी येईना. जुने होते ते कोर्स संपवून गेले.

शीतल संभाजीनगरला गेली, एका दवाखान्याच्या काउंटरवर. म्हणजे जिथे ती कितीतरी आधी जाऊ शकली असती, तिथेच, फक्त उशिरा. पेशंटचं नाव, वय, गाव टाइप करते. मी एकदा तिला भेटायला गेले तेव्हा ती लोकांशी बोलत, हसत टाइप करत होती. प्रत्येक नावानंतर तिची नजर वर पडद्याकडे जायची. मी विचारलं, पप्पांशी बोलतेस का? "जेवलात का, एवढं विचारते," ती म्हणाली. "ते हो म्हणतात. मंग मी फोन आईला द्या म्हणते." एवढं बोलून ती पुढच्या पेशंटकडे वळली.

सरांनी क्लास बंद केला तेव्हा संगणक समोरच्यानेच घेतले. दुसरं कोण घेणार? त्याची माणसं ते उतरवून घेऊन गेली आणि थोड्या वेळाने तो स्वतः जिना चढून आला. "सर, सगळं ठीक हाय, पण ती एक कळ कुठल्याच कीबोर्डला न्हाई." सरांनी गोळ्यांचा डबा त्याच्या हातात दिला. हे मला काकूंनी सांगितलं. खोळींचं काय केलं, असं मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "कापड चांगलं होतं. भाकरी बांधायला घेतल्या."

यंदा उन्हाळ्यात वडिलांच्या जमिनीच्या एका प्रतिज्ञापत्रासाठी मला अंबडच्या कोर्टात जायचं होतं. कोर्टाबाहेर टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाईन अर्ज असं सगळं करून देणारी टपरीवजा दुकानं आहेत. वकिलाने ज्या दुकानाचं नाव सांगितलं तिथे मी गेले, तर आत सर बसले होते. दुकान दुसऱ्याचं, सर तिथे कामाला. तोच पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं. समोर एक म्हातारी आणि तिचा मुलगा बसलेले, त्यांचा अर्ज चालला होता. सरांनी मला पाहिलं नव्हतं. मी दाराशीच उभी राहिले.

सर उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत होते.

मान खाली. बोट कळांवर फिरत होतं, अक्षर सापडलं की टेकायचं. मग मान वर, पडद्यावर पाहायचं, अक्षर बरोबर उमटलं का. मग परत खाली. एक शब्द झाला की चष्मा वर करून तो शब्द वाचायचे. मध्ये चूक झाली तेव्हा त्यांनी बॅकस्पेस शोधली आणि एकेक अक्षर खोडत मागे आले. म्हातारीच्या मुलाने घड्याळ पाहिलं. मला वाटलं, दुसरं कुणी असेल, सरांसारखं दिसणारं.

"सर," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं, ओळखलं. "कधी आल्ती? बस बस." स्टूल पुढे सरकवलं. मी बसले आणि न राहवून विचारलंच.

"सर, हे काय? तुम्ही खाली पाहून राह्यला?"

मला वाटलं ते हसतील, किंवा चिडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"पाहून घेतलेलं बरं," ते म्हणाले. "लोकाचं काम असतं."

आणि मान खाली घालून त्यांनी पुढचं अक्षर शोधायला घेतलं. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. म्हातारीचा मुलगा कपाळाला हात लावून "आता झालं कल्याण" म्हणाला. मी मात्र कान देऊन बसले. इतक्या वर्षांची सवय, लाईट गेली की कळांचा आवाज यायचाच. मी वाट पाहिली.

सरांनी कीबोर्डवरचं बोट उचललं. दोन्ही हात मांडीवर घेऊन ते लाईट यायची वाट पाहत बसून राहिले.